चुकलेली वारी

माझ्या आजीने आयुष्यात एकच वारी चुकविली. ती का चुकविली, हे तिने कोणाला सांगितले नाही, आणि विचारण्याचे धैर्य घरात कोणास झाले नाही. ते वर्ष १९४७ चे. मी त्या वेळी दहा वर्षांचा होतो. आज नव्वदीच्या उंबरठ्याशी येऊन मागे पाहतो, तेव्हा आजीची आठवण सांगायची तर त्या चुकलेल्या वारीपासूनच सांगावी असे वाटते. तिने केलेल्या वाऱ्यांचे पुण्य तिचे तिला लाभले असेल. न केलेल्या वारीने मात्र मला बरेच काही शिकविले.

आमचे गाव मंगळवेढे. आज ते सोलापूर जिल्ह्यात आहे. त्या काळी ते सांगली संस्थानात मोडत असे. पंढरपूर तेथून सात कोसांवर. काळीभोर, ओल धरून ठेवणारी जमीन आणि तिच्यात पिकणारी शाळू ज्वारी यांबद्दल हे गाव प्रसिद्ध आहे. पण वारकऱ्यांस ते ठाऊक आहे ते संतांचे गाव म्हणून. दामाजीपंत येथलेच, कान्होपात्रा येथलीच. चोखोबांना मरण आले तेही येथेच. गावकुसाचे काम चालू असता भिंत कोसळली आणि तिच्याखाली इतर मजुरांबरोबर ते गाडले गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपुरास नेल्या आणि महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली, अशी परंपरा आहे. अशा गावात जन्मलेल्या मुलाला संतांच्या कथा पुस्तकातून शिकाव्या लागत नाहीत. आम्हांला त्या आजीकडून मिळाल्या.

आजीच्या वाट्याला आलेले आयुष्य त्या काळच्या कितीतरी स्त्रियांच्या वाट्याला आले होते. १९१८ साली मानमोडीची साथ आली आणि तिने घरोघर माणसे नेली. आमचे आजोबा तीत चार दिवसांत गेले. आजी तेव्हा तेवीस वर्षांची होती. पदरी दोन मुलगे. थोरले माझे वडील सहा वर्षांचे, धाकटे काका अजून पाळण्यात. रीतीप्रमाणे तिचे केशवपन झाले आणि अंगावर लाल आलवण आले. दिरांच्या घरात दोन मुलांना घेऊन राहायचे, तर कष्टाला पर्याय नव्हता. पहाटे सर्वांच्या आधी ती उठे आणि रात्री सर्वांच्या नंतर आडवी होई. दिवसातून एकदाच जेवी. घरात मुंज असो, लग्न असो, दोनशे पानांचा स्वयंपाक तिच्या देखरेखीखाली होई. पण मांडवात अक्षता पडू लागल्या की ती मागच्या माजघरात जाऊन बसे. आपण समोर दिसू नये, याची काळजी तीच सर्वांहून अधिक घेई. लहानपणी मला याचे काही वाटत नसे. आजी मंगलकार्यात माजघरातच असते, जसे जाते पडवीत असते, अशी माझी समजूत होती.

आजोबा गेल्यानंतरच्या पहिल्या आषाढीला, म्हणजे १९१९ साली, ती पंढरपूरला चालत गेली. तेथपासून १९४६ पर्यंत अठ्ठावीस आषाढ्या तिने चुकविल्या नाहीत. नवमीला पहाटे निघायचे, दुपारपर्यंत गोपाळपूर गाठायचे, तेथे जनाबाईचे जाते म्हणून दाखवितात त्याला हात लावायचा आणि दिवस मावळण्यापूर्वी चंद्रभागेच्या वाळवंटात उतरायचे. एकादशीला दर्शन, पौर्णिमेला गोपाळपूरचा काला, आणि मग परत. वारीच्या दिवसांत पटकीची भीती असे, म्हणून यात्रेकरूंना लस टोचीत. आजीला सुईची फार भीती वाटे. “पांडुरंगा, एवढे एक सोसवून घे,” असे म्हणत ती दंड पुढे करी आणि डोळे गच्च मिटून घेई.

पंढरीचे वैशिष्ट्य असे की, तेथे भक्ताला देवाच्या पायांवर प्रत्यक्ष डोके टेकता येते. मध्ये गाभाऱ्याचा उंबरठा आड येत नाही. आजीला या गोष्टीचे अपार अप्रूप होते. ती म्हणे, “अरे, बाकीच्या देवांना नमस्कार करायचा. हा आपल्याला भेटतो.” घरच्या मंगलकार्यात जिने समोर यायचे नाही, तिला एक दार असे होते की जेथे कोणी अडवीत नव्हते. तिच्या भक्तीचे मूळ येथे असावे, असे मला आता वाटते. त्या वयात ते कळणे शक्य नव्हते.

रात्री जेवणे झाली की ती वाती वळीत बसे आणि आम्ही मुले भोवती गोळा होत असू. तिची सर्वांत आवडती गोष्ट दामाजीपंतांची. दामाजीपंत बेदरच्या बादशहाचे मंगळवेढ्यातील अंमलदार. भयंकर दुष्काळ पडला. लोक झाडांचा पाला खाऊ लागले. दामाजींनी बादशहाच्या धान्याची कोठारे फोडली आणि गोरगरिबांना लुटविली. बादशहाचा हुकूम सुटला, दामाजींना धरून आणा. इकडे शिपाई त्यांना घेऊन निघाले आणि तिकडे बेदरच्या दरबारात एक महार येऊन उभा राहिला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी. म्हणाला, “मी दामाजीपंतांचा विठू महार. धान्याचे पैसे आणले आहेत. मोजून घ्या आणि पावती द्या.” आजी येथे थांबे, हातातली वात खाली ठेवी आणि आमच्याकडे पाहून विचारी, “कोण होता तो?” आम्ही एका सुरात ओरडत असू, “पांडुरंग!” तिच्या डोळ्यांत दर वेळी पाणी येई. शेकडो वेळा सांगितलेली गोष्ट. पण डोळ्यांतले पाणी नवे असे.

१९४६ च्या हिवाळ्यात एका रात्री ही गोष्ट संपली आणि मी विचारले, “आजी, देव महार झाला होता, तर मग महारांना त्याच्या देवळात का जाऊ देत नाहीत?”

या प्रश्नात माझे शहाणपण काही नव्हते. काका सोलापुरास शिक्षक होते. सुटीत घरी आले की वडिलांशी त्यांचे बोलणे चाले आणि ते माझ्या कानांवर पडे. १९३० साली डॉक्टर आंबेडकरांनी नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह आरंभिला होता, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकले. आता साने गुरुजी पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून गावोगाव फिरत आहेत, हेही त्यांनीच सांगितले होते. त्यांचा प्रश्न मी आजीपुढे ठेवला इतकेच.

आजीने वात वळणे थांबविले. थोड्या वेळाने म्हणाली, “देवाची गोष्ट वेगळी, बाळ. आपण माणसे आहोत.” मग दिवा मालवून ती उठली. त्या रात्री दुसरी गोष्ट झाली नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात, १ मे १९४७ रोजी, साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण आरंभिले. सात कोसांवर चाललेले ते उपोषण आमच्या घराच्या ओट्यावर, विहिरीवर, देवघरात येऊन पोचले. गावात दोन तट पडले. आमच्याकडे येणारे वडीलधारे सांगत, “मंदिर बाटले तर आमची वारी संपली.” काका सुटीवर आले होते. त्यांनी गुरुजींच्या सहानुभूतीसाठी अन्न सोडले. वडिलांनी त्यांना समजाविले, रागावून पाहिले. काकांनी ऐकले नाही.

तिसऱ्या दिवशी आजी ताट वाढून त्यांच्यापुढे येऊन बसली. म्हणाली, “अरे, उपास देवासाठी करावा. देवावर करू नये.”

काका म्हणाले, “आई, गुरुजींचा राग देवावर नाही. आपल्यावर आहे.”

“आणि तू? तुझा राग कोणावर आहे?”

काकांनी उत्तर दिले नाही. आजी ताट घेऊन परत गेली. आमच्या आईच्या लक्षात आले की, त्या दिवसापासून आजीनेही अन्नाला स्पर्श केलेला नाही. एकादशी नव्हती, चातुर्मास नव्हता. आईने विचारले तेव्हा ती म्हणाली, “पोर जेवत नाही तोवर घास उतरत नाही, एवढेच.” मंदिराच्या बाजूने ती उपाशी नव्हती, विरुद्धही नव्हती, मुलगा उपाशी म्हणून ती उपाशी होती. पण घरात त्या दिवसांत विचित्र शांतता असे. देवघरात आजीची जपमाळ फिरत असे आणि ओसरीवर काका भिंतीला टेकून बसलेले असत. दोघांच्या मध्ये एक माजघर होते, आणि ते ओलांडून कोणीही दुसऱ्याकडे जात नव्हते.

दहा-अकरा दिवसांनी उपोषण सुटले. मंदिर सर्वांना खुले करण्याचे मान्य झाले. बातमी आली तेव्हा काकांनी आजीच्या पायांवर डोके ठेवले. तिने त्यांना मऊ भात कालवून दिला, शेजारी बसून तो खाऊ घातला, मग स्वतः दोन घास घेतले. बोलली काही नाही.

आणि आषाढी आली. नवमीची पहाट झाली. दर वर्षी त्या पहाटे तिचे गाठोडे दाराशी बांधून तयार असे. त्या वर्षी ते नव्हते. आजी तुळशीपाशी बसून होती. आईने जवळ जाऊन विचारले, तर म्हणाली, “गुडघे दुखताहेत.” रस्त्याने दिंड्या जात होत्या. टाळांचा आवाज येत होता. तो आवाज कानी येऊन ती घरात बसली आहे, असे दृश्य मी कधी पाहिले नव्हते. तिने दिवसभर तोंडात पाणी घेतले नाही. गावातल्या काही मंडळींनी तिच्या न जाण्याची मोठी वाखाणणी केली. “काकूंनी धर्म राखला,” असे कोणी ओट्यावर म्हणाले. आजीने ते ऐकले. तिची मुद्रा मला आठवते. स्तुतीने कोणी इतके कष्टी झालेले मी पुढे क्वचितच पाहिले.

त्या चातुर्मासात भक्तिविजय वाचण्याचे काम माझ्याकडे आले. आजीला अक्षरओळख नव्हती. महिपतीबुवा ताहराबादकरांचा हा ग्रंथ १७६२ साली पुरा झाला. त्याचे सत्तावन्न अध्याय. रोज थोडे वाचायचे, असा नेम. चोखोबांची कथा आली तेव्हा ती डोळे मिटून ऐकत होती. पुढे दामाजीपंतांचा अध्याय आला. विठू महार दरबारात आला, तेथे तिने मला थांबविले. “पुन्हा वाच,” म्हणाली. मी पुन्हा वाचले. दुसऱ्या दिवशी पुढचा अध्याय काढला, तर तिने तोच मागे काढायला लावला. असे तीन दिवस झाले. चौथ्या दिवशी वाचन संपल्यावर ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, “बाळ, तू मागे विचारलेस ना, त्याचे उत्तर मला येत नाही. मी तुला उगीच काहीतरी सांगितले.” मग काही वेळाने, अगदी हलक्या आवाजात, “दाराबाहेर बसणे काय असते, ते मला माहीत असायला हवे होते.”

हे शब्द ती कोणाजवळ पुन्हा बोलली असेल असे वाटत नाही. मलाही त्यांचा अर्थ पुष्कळ वर्षांनी कळला.

१९४८ च्या आषाढीला नवमीच्या पहाटे तिचे गाठोडे दाराशी होते. गुडघे खरोखरच दुखू लागले होते, म्हणून मला बरोबर दिले. वाटेत ती फारशी बोलली नाही. एकादशीला महाद्वारापाशी आलो, तेव्हा चोखोबांच्या समाधीपुढे ती थांबली. दर वर्षी ती तेथे हात जोडून पुढे जात असे. त्या दिवशी ती खाली बसली, पायरीवर डोके टेकले आणि इतका वेळ उठली नाही की मागचे लोक कुरकुरू लागले. मग नामदेवांच्या पायरीला वंदन करून आम्ही दर्शनाच्या बारीत उभे राहिलो.

बारीत आमच्या पुढे एक मध्यम वयाची बाई होती. कडेवर मूल, नेसूचे लुगडे ठिगळाचे पण स्वच्छ धुतलेले. ती कोठली, कोणाची, ते मला कळले नाही. आजीनेही विचारले नाही. एरवी वाटेत भेटलेल्या कोणालाही गाव, घर, कूळ विचारल्याशिवाय तिला चैन पडत नसे. देवापाशी पोचल्यावर ती बाई एकदम अडखळली. हात पुढे केले, मागे घेतले. कोणीतरी खेकसले, “चला, चला, पुढे सरा.” ती दर्शन न घेताच वळू लागली. तेव्हा आजीने मागून तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, “टेक, बाई, डोके टेक. घाई नको करूस. मी आहे मागे.”

त्या बाईने डोके टेकले. मुलाचेही टेकविले. ती बाजूला झाल्यावर आजीने त्याच जागी आपले डोके ठेवले. दोन वर्षांची भेट होती ती. ती किती वेळ तशी होती ते सांगता येणार नाही. पण त्या खेपेस तिला कोणी पुढे सरा म्हटले नाही.

परत आल्यावरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्याकडे ज्वारी पेवात साठवीत. पेव उघडणे मोठे जोखमीचे. आत कोंडलेली हवा जिवावर बेतते, म्हणून आधी दिवा खाली सोडून पाहायचा, आणि तो विझला नाही तरच माणूस उतरवायचा. हे सारे आजी जातीने उभी राहून करवून घेई. पेव उघडले की गावकीची कामे करणाऱ्यांना त्यांचा वाटा द्यायचा, आणि तोही तीच मोजून देई. त्या काळी जिला महारवाडा म्हणत, त्या वस्तीतील एक वृद्ध स्त्री परड्याच्या दाराशी येई आणि पदर पसरी. आजी हात उंच धरून वरून ज्वारी ओती. माप कधी भरल्यावाचून राहिले नाही. पण हाताला हात कधी लागला नाही. त्या वर्षी आजी दाराशी गेली आणि तिने भरलेली पायली त्या बाईच्या पुढे धरली. “धर,” म्हणाली. ती बाई मागे सरली. आजी पुन्हा म्हणाली, “धर.” तेव्हा तिने दोन्ही हातांनी पायली घेतली, ज्वारी पदरात ओतली, आणि आजीकडे बराच वेळ पाहिले. त्या पाहण्यात आनंद होता असे मी म्हणणार नाही, कृतज्ञताही नव्हती. इतकी वर्षे तुम्हांला हे सुचले कसे नाही, असे काहीसे त्यात होते. रिकामी पायली तिने आजीच्या हातात दिली आणि ती निघून गेली. आजी ती पायली हातात घेऊन दारातच उभी राहिली.

माझी आजी सुधारक झाली, असे समजू नये. तिचे सोवळे शेवटपर्यंत तिच्याजवळ राहिले. ती वृद्ध स्त्री आमच्या स्वयंपाकघरात कधी आली नाही, आणि आजीने तिला कधी बोलाविले नाही. तिने ओलांडलेले अंतर हातभर होते. आणि तेही इतक्या उशिरा की, ज्यांच्यासाठी ते ओलांडायचे त्यांनी तिची वाट पाहत थांबावे, असे म्हणण्याचा अधिकार कोणास नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास डॉक्टर आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, तेव्हा काकांनी वर्तमानपत्र वाचून तिला ती बातमी सांगितली. ती म्हणाली, “आपण दार उघडायला फार वेळ लावला.” मग जप करू लागली.

१९५९ साली ती गेली. मी पुण्यास महाविद्यालयात होतो. तार मिळून घरी पोचलो तो सर्व आटोपले होते. तिच्या गाठोड्यात तुळशीची माळ, एक आलवण, वातींचा कापूस आणि माझ्या हातचा भक्तिविजय निघाला. दामाजीच्या अध्यायाची पाने हाताळून मळली होती. वाचता येत नसलेल्या बाईने ती पाने इतकी का हाताळावीत, याचा मी विचार करीत बसलो होतो.

पुढे काळ पुष्कळ पालटला. पंढरपूरच्या मंदिरातील बडवे-उत्पातांचे वंशपरंपरागत हक्क २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने संपुष्टात आले, आणि त्याच वर्षी तेथे स्त्रिया व ब्राह्मणेतर पुजारी नेमले गेले. हे वाचले तेव्हा मला आजीच आठवली. तिला हे कितपत रुचले असते, ते मी सांगू शकत नाही. कदाचित तिला आणखी एक वर्ष लागले असते.

आपल्या श्रद्धेच्या गोष्टी आपल्याहून मोठ्या असतात. आपण त्या मुलांना सांगतो, सांगताना आपले डोळे भरून येतात, आणि दिवा मालवून आपण निजतो. माझ्या आजीलाही ते सहज करता आले असते. पण तिच्या नातवाने एक प्रश्न विचारला, मुलाने अन्न सोडले, आणि देवाची वाट तिला घरातूनच बंद झाल्यासारखी झाली. त्या वर्षी ती पंढरपूरला गेली नाही. तरीही त्या वर्षी ती जितके चालली, तितके अठ्ठावीस वाऱ्यांत चालली नसेल, असे मला वाटते.